निळी बादली आणि सरकारी अनुदान

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. सरकारकडून पैसे कसे काढायचे हे त्याला ठाऊक आहे, असं सगळ्यांना वाटतं. मी एका सरकारी खात्यात मुख्य लिपिक होतो आणि पगाराखेरीज सरकारकडून मला कधी दमडी काढता आली नाही. पण हे सोसायटीत सांगितलं तर आहे तेवढा मानही जायचा, म्हणून मी अशा वेळी फक्त गंभीर चेहरा करून 'बघू' म्हणतो. पुढचा सगळा घोळ या 'बघू'मुळे झाला.

सुरुवात मात्र आमच्या निळ्या बादलीपासून झाली. धायरीत आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत विमलाताईंचं 'अंकुर पाळणाघर' आहे. विमलाताई दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून त्यांनी हे सुरू केलं. रीतसर नोंदणी केलेली संस्था, पण डोक्यावर जुने पत्रे. कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, बेकरीत राबणाऱ्या बायकांची पोरं तिथे दिवसभर असतात. आया देतील ते विमलाताई घेतात, आणि बऱ्याच जणी काहीच देत नाहीत. गेल्या पावसाळ्यात ते पत्रे असे गळायला लागले की पोरं कोरड्या जागेसाठी भिंतीकडेला सरकत सरकत कपाटावर चढायची बाकी राहिली. तेव्हा आमच्या सौ.नी मोठ्या मनाने बाथरूममधली निळी बादली पाठवली. पाऊस गेला, थंडी आली, बादली काही आली नाही. कारण प्रज्ञेश नावाच्या एका तीन वर्षांच्या गृहस्थांनी ती बसायला घेतली होती. ते त्या बादलीतच खिचडी खायचे आणि त्यातून बाहेर काढलं की सिंहगड रोडपर्यंत ऐकू जाईल असा गळा काढायचे.

"अहो, बादलीचं विचारलंत का?" हा प्रश्न मी वर्षभर रोज ऐकला. मी तांब्याने पिंपातलं पाणी घेऊन आंघोळ करत होतो. अशा आंघोळीने माणसाचा स्वाभिमान कुठल्या थराला जातो, हे ज्याने केली आहे त्यालाच कळेल.

शेवटी मे महिन्यात मी बादली मागायला गेलो. तिथे विमलाताई आणि प्रज्ञेशची आई पायल बोलत उभ्या होत्या. पायलचे डोळे लाल झाले होते.

"या पावसात मी पोरं ठेवणार नाही, उत्तरेश्वरभाऊ," विमलाताई म्हणाल्या. "गेल्या वर्षी दोघांना न्यूमोनिया होता होता राहिला. छप्पर झालं तर पाळणाघर, नाहीतर जूनमध्ये बंद."

"मग मला काम सोडावं लागेल, काका," पायल म्हणाली. "याला घेऊन कारखान्यात उभं करत नाहीत."

मी बादलीचं विचारायला आलो होतो, आणि तोंडातून निघालं, "सरकारी अनुदान असतं अशा संस्थांना. बघू."

झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं की ढवळे, म्हणजे मी, पाळणाघराला अनुदान मिळवून देणार आहेत. सौ.नी एवढंच विचारलं, "आणि बादली?"

सरकारी योजना शोधायला बसलो तेव्हा मला प्रथमच कळलं की आपलं सरकार किती दयाळू आहे. शेळ्यांना अनुदान आहे. मधमाश्यांना आहे. रेशीम किड्यांना आहे, बांबूला आहे, आणि मासे सोडायच्या तळ्याला तर दोन-दोन आहेत. माणसाच्या पोराला डोक्यावर पत्रा हवा असेल तर मात्र ते नक्की कुठल्या खात्यात येतं यावर एकमत नव्हतं. एका संकेतस्थळावर 'नवीन' असा लाल शब्द लुकलुकत होता. आशेने उघडलं तर त्या योजनेची मुदत माझ्या मुलीच्या लग्नाच्या आधी संपली होती. मुलीला आता दोन मुलं आहेत.

या काळात आमच्या समोरच्या फ्लॅटमधले दत्तप्रसाद सहस्रबुद्धे रोज सल्ला द्यायला येत. ते बँकेतून निवृत्त झालेले. बँकेत असताना त्यांनी कुणाला कर्ज दिल्याचं ऐकिवात नाही, पण सल्ला देण्यात त्यांचा हात सढळ.

"तुमचं चुकतंय कुठे सांगू का, ढवळे?" चहाचा कप रिकामा करत ते म्हणाले. "तुम्ही पाळणाघराला योजना शोधताय. योजनेला पाळणाघर शोधा. पाणी छपरातून पडतं की नाही?"

"पडतं."

"बादलीत साठतं की नाही?"

"साठतं."

"याला पर्जन्यजलसंधारण म्हणतात. त्याला अनुदान आहे. टाका अर्ज."

मी हसलो. पण ते गेल्यावर दार लावून त्या योजनेचे नियम वाचले, हेही सांगून टाकतो. आमची बादली नियमात बसत नव्हती.

अखेर एका खात्याच्या पानाच्या अगदी तळाशी, जिथे सहसा कुणी जात नाही अशा जागी, ती सापडली: स्वयंसेवी संस्थांच्या पाळणाघरांना इमारत दुरुस्तीसाठी साहाय्य. मुदत शिल्लक होती! मी सौ.ना मोठ्याने हाक मारली. त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्या पाणी घेऊन धावत आल्या, अर्थात तांब्यातून.

अर्ज भरणं हा माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी दत्तप्रसादांना ऐकवलं होतं. खिडकीच्या आत बसून अर्ज घेणं आणि खिडकीच्या बाहेर उभं राहून अर्ज देणं यांत किती फरक आहे, ते मला त्या कचेरीत कळलं. पाळणाघराच्या नोंदणीच्या कागदावर पत्ता 'मौजे धायरी, ग्रामपंचायत' असा होता. धायरी महापालिकेत येऊनही बरीच वर्षं झाली. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद उलटसुलट पाहिला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "संस्था नक्की गावात आहे की शहरात?"

"आहे तिथेच आहे. गाव शहरात आलं."

"तसं लिहून आणा."

"कोणाकडून?"

"ज्यांनी आणलं त्यांच्याकडून."

पुढे संस्था चालू असल्याचा दाखला हवा झाला. तो कोण देतं हे कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, एखादं रडतं पोर आणून उभं करू का? आतले गृहस्थ म्हणाले, "पोर झेरॉक्स करता येत नाही, काका." मी अपमान गिळला. उत्तर चांगलं होतं, हे मनात कबूलही केलं. नोकरीत असतो तर मीही असंच दिलं असतं.

असं करत करत जून उजाडला. विमलाताईंनी माझ्या शब्दावर आणखी थोडे दिवस थांबायचं ठरवलं आणि पायल रोज संध्याकाळी पोराला न्यायला आली की गल्लीतून माझ्या गॅलरीकडे बघायची. तिने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

आणि एके दिवशी फोन आला. खात्याच्या तपासणी अधिकारी राजनंदिनी मॅडम बोलत होत्या. आवाज तरुण, पण ठाम. "तुमचा अर्ज चांगला आहे, ढवळे सर. गुरुवारी पाहणीला येते. गळती प्रत्यक्ष बघावी लागेल. आणि नियमाप्रमाणे लोकसहभाग हवा. तोही प्रत्यक्ष दिसला पाहिजे हं."

मी ही बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि तिथेच घात झाला.

परदेशात काय पद्धत आहे मला माहीत नाही, पण आपल्याकडे बाहेरचं माणूस घरी येणार म्हटलं की आधी घर आवरतात. मग ते माणूस घराची दुर्दशा बघायला येणार असलं तरी आवरतात. आमच्या सौ. सगळ्यात आधी उठल्या. "मॅडम येणार आणि तिथे ती कळकट सतरंजी? आपल्या सोसायटीचं नाव जाईल." आमचा दिवाणखान्यातला गालिचा गेला. कुणी पडदे दिले, कुणी खुर्च्या. दत्तप्रसादांनी त्यांच्या बेडरूममधला पंखा उतरवून दिला आणि उद्या संध्याकाळी परत हवा, असं तीनदा बजावलं.

"पण आपल्याला पडझडच दाखवायची आहे ना?" विमलाताई म्हणाल्या.

"दाखवू हो. पण नीटनेटकी दाखवू," सौ. म्हणाल्या. हे विमलाताईंना पटलं असावं, कारण थोड्या वेळाने त्या स्वतःच ठेवणीतल्या पांढऱ्याशुभ्र चादरी काढून पोरांच्या गाद्यांवर घालताना दिसल्या.

आता राहिलं छप्पर. ते पडलं रंगरावांच्या नजरेस. रंगराव मूळचे धायरीचे. त्यांचा बांधकामाच्या सामानाचा धंदा, मिशा भरघोस आणि गावाच्या अब्रूची काळजी त्याहून भरघोस.

"मॅडमच्या डोक्यावर थेंब पडला म्हंजे? गावाची इज्जत काय ऱ्हायली?" ते कडाडले. "माझ्याकडं साइटचे नवे पत्रे पडून हायेत. दोन दिवस टाकतो. मॅडम गेल्या की काढून नेतो."

अनुदानच छपरासाठी मागितलं आहे, हे त्या क्षणी मला आठवायला हवं होतं. नाही आठवलं. कारण मी लोकसहभाग प्रत्यक्ष कसा दिसावा या विचारात होतो. आणि मला ती नामी कल्पना सुचली. आपल्याकडे देवळात, शाळेत, दवाखान्यात कुठेही पंखा बघा, बाक बघा, त्यावर देणाऱ्याचं नाव असतं. मी धायरीतल्या गेनबा पेंटरला बोलावलं. "जे जे सामान आलंय त्यावर देणाऱ्याचं नाव घाल, 'सप्रेम भेट' म्हणून. मॅडमना दिसलं पाहिजे. नंतर पुसता येईल असा रंग वापर." आणि नावांची चिठ्ठी त्याच्या हातात ठेवून मी गावाला शहरात आणणाऱ्यांचा दाखला घ्यायला निघून गेलो.

गेनबाबद्दल मला एक गोष्ट माहीत नव्हती. त्याने आयुष्यभर मुख्यतः दशक्रिया घाटावरच्या शेडमधले पंखे आणि बाकं रंगवली होती.

गुरुवारी सकाळपासून मुसळधार पाऊस होता. मी मनात म्हटलं, वा, गळती बघायला याहून चांगला दिवस नाही. पाळणाघरात शिरलो आणि मलाच ओळखू येईना. गालिचा, पडदे, चादरी. पोरं तेल लावून, भांग पाडून ओळीत बसलेली. प्रज्ञेश मात्र दिसत नव्हता. नंतर कळलं, बादली शोभत नाही म्हणून सौ.नी ती मोरीत लपवली होती आणि तोही आपण होऊन तिच्याबरोबर लपला होता. वर दत्तप्रसादांचा पंखा गरगर फिरत होता. आणि छताला एक थेंब नाही.

राजनंदिनी मॅडम आल्या, छत्री मिटली आणि दारातच थबकल्या. "किती छान ठेवलंय हो!"

आम्ही सगळे फुलून गेलो. चहा आला, चकल्या आल्या. मॅडमनी वही काढली. "बरं, गळतं कुठे?"

"इथे," मी मधोमध बोट दाखवलं.

मॅडम तिथे उभ्या राहिल्या. वर पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. मॅडम कोरड्या.

"इथे म्हणजे, गळायचं," मी म्हणालो.

"आणि आता?"

"आता?" रंगराव छाती काढून पुढे आले. "मॅडम, एक थेंब खाली आला तर मिशा उतरवीन! माझे पत्रे हायेत. पंचवीस वर्षं बघायला नको."

मी त्यांचा सदरा मागून ओढला. त्यांना वाटलं मी कौतुक करतोय. ते म्हणाले, "तीस म्हना."

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंद होत होत थांबला, आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. पहिल्या पात्यावर सुबक अक्षरांत होतं, 'कै. दत्तप्रसाद'. दुसऱ्यावर, 'सहस्रबुद्धे यांच्या'. तिसऱ्यावर, 'स्मरणार्थ सप्रेम भेट'.

कैलासवासी स्वतः चकलीचा तुकडा हातात घेऊन पंख्याखाली उभे होते.

मॅडमचा चेहरा मऊ झाला. "अरेरे. कोण होते हे?"

कुणीतरी बोलायला हवं होतं. दत्तप्रसादांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडेला बसलेल्या पोरांकडे बघितलं, दाराशी पदर मुठीत धरून उभ्या असलेल्या पायलकडे बघितलं. चकली खाली ठेवली. आणि त्या माणसाने, जो सोसायटीच्या बैठकीत पार्किंगच्या एका फुटासाठी तासभर भांडतो, शांतपणे सांगितलं, "आमच्या फार जवळचे होते."

"स्वभावाने कसे होते?"

"तिरसट," दत्तप्रसाद म्हणाले. मग जरा थांबून, "पण मनाने चांगले. लोकांना ते उशिरा कळलं."

मॅडमनी मान खाली घातली. आम्हीही घातली. मला हसू दाबावं लागत होतं आणि त्याच वेळी मला दत्तप्रसादांचा इतका अभिमान वाटला की समोरासमोर राहून इतक्या वर्षांत कधी वाटला नव्हता.

मॅडम निघाल्या. जाताना विमलाताईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी इतकं सुंदर पाळणाघर बघितलेलं नाही. पण खरं सांगू का, या छपराला मी दुरुस्तीचा शेरा कसा मारू?"

त्या गेल्यावर आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. पायलने मोरीतून पोराला उचललं आणि निघून गेली. विमलाताई पांढऱ्या चादरींच्या घड्या घालायला लागल्या. "उद्या पत्रे गेले की परवापासून कुलूप," त्या म्हणाल्या. आयुष्यात कधी नव्हे ते मला 'बघू' म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. रंगराव टेम्पो आणि दोन माणसं घेऊन पत्रे न्यायला आले. शिडी लागली. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे त्यांचे व्याही होते. "रंगराव, मानलं बुवा! नाव काढलंत." तो ठेवतायत तोच दुसरा आला. मग तिसरा. रंगरावांना कळेना. मलाही कळेना. शेवटी समोरच्या अकरा मजली इमारतीतल्या एका बाईंनी गॅलरीतून ओरडून सांगितलं, "वर या, वरून बघा!"

आम्ही लिफ्टने वर गेलो. खाली पाळणाघराचं छप्पर उन्हात चमकत होतं आणि त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसाएवढ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'रंगराव यांजकडून सप्रेम भेट'. पत्रे चढवण्याआधी रंगरावांच्याच आवारात गेनबाने ते काम उरकलं होतं. धनी समोरच उभा असल्यामुळे 'कै.' तेवढं टळलं. दोन दिवसांनी पत्र्यांची ती बाजू खाली करून वापरू, असा रंगरावांचा हिशेब होता. पण गॅलऱ्यागॅलऱ्यांतून लोकांनी फोटो काढले होते, आणि ते सकाळीच गावच्या गटावर पोचले होते, हात जोडलेल्या चित्रांसकट.

रंगरावांनी कठडा धरून खाली बघितलं. मिशांवरून हात फिरवला. "अक्षर झ्याक काढतो गेनबा," ते म्हणाले. मग वाकून खालच्या माणसांना आवाज दिला, "ए, शिडी काढा! देल्याली वस्तू मागं घेत्यात व्हय कुठं?"

मी तिथेच, अकराव्या मजल्यावर, त्यांना मिठी मारली. सरकारी नोकरीत मी कुणाला मिठी मारली नव्हती. खाली उतरलो तर विमलाताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या आत गेल्या आणि घडी घातलेल्या चादरी पुन्हा पसरायला लागल्या. पायल जेवणाच्या सुट्टीत धावत आली, छपराकडे बघितलं आणि तिथेच रस्त्यात हसायला लागली. मग जरा रडली, आणि पुन्हा हसली.

बाकीचं सामानही जागेवरच राहिलं. रंग कसला पुसतोय! गेनबाला पुसता येणारा रंग असतो हेच मान्य नव्हतं. 'कै.' लिहिलेला पंखा घरात फिरू देणार नाही, असं सौ. सहस्रबुद्ध्यांनी निक्षून सांगितलं. त्यामुळे दत्तप्रसाद आता रोज दुपारी पाळणाघरात आपल्या पंख्याखाली येऊन बसतात आणि पोरांना गोष्टी सांगतात. पोरं ऐकत नाहीत, पण त्यांच्या अंगावर झोपतात. आमच्या गालिच्यावर तर आता कुणाची मालकी सांगू नये अशी अवस्था आहे.

गणपतीच्या सुमारास खात्याचं पत्र आलं. 'संस्थेचे छप्पर उत्तम स्थितीत असल्याने दुरुस्तीकरिता साहाय्य मंजूर करता येत नाही.' मी पत्र दोनदा वाचलं. त्रुटी काढण्यात माझा हात धरणारा आमच्या खात्यात कुणी नव्हता, पण या पत्रात मला एकही त्रुटी सापडली नाही.

त्याच संध्याकाळी विमलाताई निळी बादली घेऊन घरी आल्या. "आता थेंब पडत नाही, भाऊ. किती दिवस तुमची वस्तू ठेवायची!" मी विजयी मुद्रेने ती सौ.पुढे ठेवली. सौ.नी ती उलटी करून बघितली आणि बघतच राहिल्या. मी चष्मा लावला. गेनबाने मोरीसुद्धा सोडली नव्हती. 'कै. उत्तरेश्वर ढवळे यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.'

सौ.नी एकदा बादलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मी अजून तयारीत नाही," त्या म्हणाल्या. "परत नेऊन द्या. आणि येताना नवी आणा. नाव न घालता."

मी माझ्याच स्मरणार्थ दिलेली बादली हातात घेऊन गल्लीतून निघालो. पाळणाघराच्या पायरीवर प्रज्ञेश आईची वाट बघत बसला होता. मी बादली खाली ठेवली. त्याने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. उठला, आत पाय टाकला आणि खाली बसून मोठ्याने खिचडी मागितली.